अर्धा इंच खाली

१

आमच्या गावाच्या तिन्ही अंगांना धरणाचं पाणी आहे. पलीकडच्या काठावर आखाडा बाळापूरची जीप मिळते. होडीनं गेलं तर तिथवर पंचवीस मिनिटं, रस्त्यानं वळसा घालून गेलं तर दीड तास. म्हणून गावाला होडी लागते आणि म्हणून गावाला मी लागतो. नाहीतर हरीश भोयाला विचारतंय कोण.

समुद्राची भरती-ओहोटी मी पाहिलेली नाही. आमची ओहोटी वर्षातून एकदाच येते आणि आठ महिने चालते. कालव्याला पाणी सुटलं की काठ रोज थोडा मागं सरतो. काल जिथं होडी तरंगत होती तिथं आज चिखल असतो. म्हणून सकाळी उजाडलं की पहिलं काम खुंटा उपटून पुढं ठोकायचा. मग होडीत साचलेलं पाणी डबड्यानं उपसायचं, फळ्यांच्या फटींवरून अंगठा फिरवायचा, कुठं सुतळी सैल झाली असेल तर ती आत ठोकून वरून डांबराचा हात द्यायचा. होडी जुनी आहे, बाभळीच्या लाकडाची, खालून पत्रा मारलेली. माझ्या थोरल्या भावानं, ग्यानबादादानं बांधलेली; तिचा पत्रा मारताना हातोडी बसून त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं झालं होतं.

दादानंच तिच्या नाकाडावर आणि मागच्या अंगाला बाहेरून पांढऱ्या ऑइलपेंटनं पट्ट्या ओढल्या होत्या. सगळ्यांत खालची पट्टी रिकाम्या होडीची. तिच्यावर अर्ध्या अर्ध्या इंचानं एकेक. एक माणूस चढलं की एक पट्टी बुडते. आठवी बुडाली की नवव्या माणसाला काठावर ठेवायचं, मग तो सरपंच का असेना. 

गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी मी खुंटा उपटायला वाकलो आणि सवयीनं पट्ट्यांकडं पाहिलं. मागची बराबर होती. पुढची एक बुडालेली होती.

होडीत कुणी नव्हतं.

२

मी मेकॅनिकचं काम शिकलेला माणूस आहे. हिंगोलीच्या आयटीआयत दोन वर्षं काढली, पुण्यात कारखान्यात सहा. वजन असल्याशिवाय काही बुडत नाही एवढं मला कळतं.

आधी वाटलं पाणी शिरलंय. तळावर हात फिरवला, कोरडा. वाटलं पुढची फळी पाणी पिऊन जड झाली असेल. पण लाकूड एका रात्रीत एका माणसाएवढं पाणी पीत नाही. वाटलं नाक चिखलात रुतलं असेल. बांबू घालून पाहिला, खाली हातभर पाणी होतं.

चौघांना बोलावून होडी काठावर ओढली, पालथी घातली, सहा दिवस उन्हात वाळवली. पत्रा उचकटून खालचं लाकूड बघितलं. दोन ठिकाणी नवी सुतळी भरली, डांबर उकळून दोन हात दिले. गावानं सहा दिवस रस्त्यानं दीड तास घातला आणि मला शिव्याही घातल्या.

"एवढं काय झालंय तिला?" माझ्या बायकोनं, प्रतिक्षानं विचारलं.

"तळ बघून राहिलो."

"तळ का?" ती एवढंच म्हणाली आणि घरात गेली. या घरात होडीच्या तळाचा विषय कुणी काढत नाही. त्याचं कारण पुढं येईल.

सातव्या दिवशी होडी पाण्यात लोटली. पुढची पट्टी वर, मागची पट्टी वर, दोन्ही स्वच्छ. मला एवढं हलकं वाटलं की त्या दिवशी पहिल्या फेरीतल्या सगळ्यांशी मी हसून बोललो.

अकराच्या सुमाराला रिकामी होडी घेऊन परत येत होतो. ऊन चांगलं चढलं होतं. वारा नव्हता. पाण्याच्या मधोमध एका बुडालेल्या बाभळीचा शेंडा त्या आठवड्यात वर आला होता. गेल्या वर्षी पाणी एवढं उतरलंच नव्हतं. चार काळ्या काटक्या, त्यांवर एक पाणकावळा. त्याच्यापासून पंचवीस हातांवरून मी वल्हवत होतो.

पुढची फळी करकरली. जड माणूस बसताना करकरते तशी, एकदा, आणि मग तिनं ते वजन सोसलं. नाक खाली गेलं. पाणकावळा उडाला.

मी मागच्या फळीवर बसून वल्हवतो, म्हणजे माझं तोंड पुढच्या फळीकडंच असतं. फळी रिकामी होती. मी तिच्याकडं बघत वल्हवत राहिलो. थांबलो असतो तर होडीही थांबली असती, आणि मग नुसतं समोरासमोर बसून राहावं लागलं असतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीला म्हातारी सखुबाई आली. तिला पुढंच बसायला आवडतं, पाणी कापताना बघायला. ती पुढच्या फळीवर टेकली, आणि लगेच उठून मधल्या फळीवर आली.

"काहून उठलीस मावशे?"

"तिथं गार लागून राहिलंय," ती म्हणाली. "फळकूट वलं हाय. पुसून घेत जा की रं."

मी फळीवर हात ठेवला. कोरडी होती, उन्हानं तापलेली. मी हात काढून पँटीला पुसला. काय पुसलं कोण जाणे.

त्या दिवसापासून मी उपाय करत सुटलो. बाभळ टाळून लांबून होडी नेली. दहा मिनिटं जास्त लागली, फळी तिथंही करकरली. मागं दोन दगड ठेवून तोल साधायला पाहिला. मिस्त्र्याकडून पाणसळ आणली आणि मधल्या फळीवर ठेवली. काचेतला बुडबुडा सारखा माझ्याकडं सरकायचा. पुढचं नाक खाली असल्यावर तो सरकणारच, यात भुताटकी नाही, शास्त्र आहे. पण मला तो बुडबुडा बघवेना. मी पाणसळ परत करून टाकली.

आठाऐवजी मी सातच माणसं घ्यायला लागलो. आठवा माणूस काठावरून ओरडायचा, "अरे एक जागा हाय की!" पुढच्या फळीवर जागा असायची, दिसायची. लोक चढताना आपसूक मागं सरकायचे आणि एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसायचे. पुढं जा असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. का म्हणत नाही, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणीतरी सांगितलं असतं.

४

आता दादाचं सांगतो.

त्या फेब्रुवारीच्या सव्वादोन वर्षं आधी, दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. धरण काठोकाठ होतं. दादा दुपारी जाळं काढायला एकटा गेला. अचानक वावटळ उठली. अर्ध्या तासात थांबलीही. होडी संध्याकाळच्या आत आपोआप काठाला लागली. दादा लागला नाही.

तीन दिवस सगळ्या गावानं शोधलं. बाहेरूनही माणसं आली, रबरी बोट घेऊन. तिसऱ्या दिवशी ती गेली. शेजारच्या गावाच्या दोन होड्याही फिरल्या आणि थकून परत गेल्या. चौथ्या दिवशी सकाळी मी एकटाच गेलो. दुपारी परत आलो आणि काठावर जमलेल्यांना म्हणालो, "होडीचा तळ गेला. आता जमायचं न्हाई."

दादाची बायको रूपावहिनी तिथंच उभ्या होत्या. त्यांनी माझे पाय धरले. "भाऊजी, अजून एक दिस. एकच दिस बघा." मी म्हणालो, "वहिनी, तळच गेलाय. मी बी बुडू का?"

वहिनींनी माझे पाय सोडले.

मढं नाही म्हणून पंचनामा नाही, दहावं नाही, काही नाही. कागदावर ग्यानबा भोई बेपत्ता. वहिनींच्या कपाळावर कुंकू तसंच राहिलं. हळदीकुंकवाला त्यांना बोलावायचं की नाही हे बायकांना कळेना, म्हणून बोलावणं बंद झालं. कुणी मेलं तर तिथं विधवांमध्ये बसायचं की सवाष्णींमध्ये, हे त्यांना कळेना, म्हणून जाणं बंद झालं. माझ्या घराच्या मागच्या खोलीत त्या राहिल्या, भाकऱ्या थापत, धुणं धूत, माझ्या डोळ्याला डोळा न देता. मला वाटायचं, ते दुःखामुळं.

आणि मी काय केलं होतं? कुणाला सांगितलं नव्हतं, ते इथं सांगतो. चौथ्या दिवशी मला दादा सापडला होता.

बाभळीच्या शेंड्याला, पाण्याखाली, त्याचं जाळं अडकलं होतं आणि जाळ्यात तो. पाठ तेवढी वर. त्याचा चौकडीचा सदरा मी ओळखला. बांबूच्या टोकाचा आकडा जाळ्यात घालून मी ओढलं. तो वळला. चार दिवसांनी पाणी माणसाच्या तोंडाचं काय करतं आणि मासे काय करतात, ते मी लिहीत नाही. ज्यानं मला पोहायला शिकवलं, ज्यानं स्वतः शाळा सोडून मला आयटीआयला घातलं, त्या माणसाची मला किळस आली. खरं ते हेच. भीती नंतर आली, आधी किळस.

मी बांबू सोडून दिला. जाळं फांदीवरून सुटलं आणि त्याच्या काठाला बांधलेल्या दगडांच्या वजनानं खाली गेलं, दादाला घेऊन. थोडे बुडबुडे आले. मग पाणी नीट झालं.

काठावर येईपर्यंत वाटत होतं, सांगू, जागा दाखवू. पण जागा सांगायची तर हातातून सोडलं हेही सांगावं लागणार. तोंडातून तळ निघाला. एकदा निघाल्यावर त्याला दोन वर्षं झाली.

५

मार्चच्या पहिल्या आठवड्यात हळद शिजवायची कामं लागली. पलीकडच्या शेतात बाया हव्या होत्या. एका सकाळी रूपावहिनी फडक्यात भाकर बांधून काठावर आल्या. दादा गेल्यापासून त्या होडीत पहिल्यांदाच बसत होत्या. बाकीच्या बाया पहिल्या फेरीनं गेल्या होत्या. होडीत त्या आणि मी, दोघंच.

त्या मधल्या फळीवर बसल्या नाहीत. सरळ पुढं गेल्या. फळीच्या अगदी डाव्या टोकाला टेकल्या, पदर आवरून मांडीखाली घेतला. एसटीत शेजारच्या माणसाला लागू नये म्हणून बाई अंग चोरून बसते, तशा बसल्या. उजवीकडची अर्धी फळी मोकळी ठेवली.

मी वल्हं उचललं नाही.

"नीट बसा की वहिनी. जागा हाय."

"कुठं हाय?" त्या म्हणाल्या.

सकाळचे आठ वाजले होते. काठावर म्हशी होत्या. कुणाच्या तरी मोबाइलवर भजन लागलं होतं. एवढ्या उजेडात, एवढ्या आवाजात मला दरदरून घाम फुटला. मी वल्हवायला लागलो. मध्यावर आल्यावर माझे हात थांबले आणि मी बोललो. सगळं. बांबू, सदरा, तोंड, किळस. एकदाही त्यांच्याकडं न बघता बोललो.

बोलून झाल्यावर मी डबडं घेऊन होडीत नसलेलं पाणी उपसायला लागलो.

"मला ठावं व्हतं," रूपावहिनी म्हणाल्या.

मी वर पाहिलं.

"त्या दिशी तुमी जेवाया गेला. मी होडीत उतरले. समद्या तळावर हात फिरवला. कोरडा ठणठणीत व्हता." त्यांचा आवाज चढला नाही, उतरला नाही. "म्हनलं, यांनी कायतरी पाह्यलं. पाह्यलं आन् सोडलं."

"मग बोलल्या काहून न्हाई?"

"कुठं राहू? गोरेगावला माझा बाप हाय, पण भावजया हायेत. तुमच्या छपराखाली राहून तुमालाच खोटं म्हनू?" त्यांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यात बघितलं. "दोन वरसं तुमच्या भाकरी थापल्या भाऊजी. रोज वाटायचं, आज सांगतील. गरम भाकर ताटात वाढून थोडा वेळ उभी राह्यचे. तुमी कालवण मागायचे."

मी वल्हं उचललं.

"चला," त्या म्हणाल्या. "जिथं सोडलं तिथं चला."

६

बाभळ आता कमरेएवढी वर आली होती. खोडाला वाळलेलं शेवाळ, फांद्यांना फाटक्या जाळ्यांच्या चिंध्या. खाली पाणी दोन पुरुष असेल, पण नितळ नव्हतं, चहासारखं.

होडी बाभळीला लावून मी वल्हं वहिनींच्या हातात दिलं. त्या मागच्या फळीवर गेल्या आणि होडी धरून ठेवली. त्या भोयाच्या घरच्या, त्यांना येतं. मला आकड्याचा बांबू घेऊन पुढं जावं लागलं. त्या फळीपाशी. मी फळीवर बसलो नाही, तिच्यापुढं गुडघे टेकले, कडेवर पोट टेकून बांबू खाली सोडला. पाठीला गार लागत होतं. ऊन पाठीवर होतं.

पहिल्या दोन खेपांना गाळ आला. तिसऱ्याला आकडा कशात तरी गुंतला. ओढलं तर जड, पण येत होतं. जाळ्याचा दोर वर दिसला, शेवाळानं हिरवा झालेला. मग जाळं. त्याच्या आत चिखलाचा एक लांबट गोळा, आणि त्या चिखलात कापड. रंग गेला होता. चौकडी राहिली होती.

मला वाटलं होतं, आता भीती वाटणार नाही. दोन वर्षांनी राहतंय काय, हाडं. हाडांची कसली किळस! पण गोळा पाण्याच्या वर आला, त्यातून चिखल गळाला आणि एक बाजू माझ्याकडं वळायला लागली. तशीच, त्या दिवशी वळली होती तशीच, हळूहळू. बोटं आपोआप सैल झाली.

मुद्दाम सोडत होतो का, हे मी स्वतःला कितीदा विचारलंय. नाही, मी विचार करून सोडत नव्हतो. पण सोडत होतो.

बांबू सुटला नाही.

माझ्या दोन्ही हातांवर वजन आलं. ओलं, थंड, घट्ट. मुठीवर मूठ आवळावी तसं कुणीतरी माझी सैल झालेली बोटं पुन्हा बांबूवर दाबून धरली. मी खाली पाहिलं. बांबूवर माझे हात दिसत नव्हते. त्यांच्यावर दुसरे होते. पाण्यात फार वेळ राहिलेल्या कातड्यासारखे पांढरे, सुरकुतलेले, आणि उजव्या अंगठ्याचं नख काळं. एवढंच दिसलं. मनगटाच्या वर मी नजर नेली नाही. नेली असती तर बाकीचं माझ्या पाठीला टेकलेलं दिसलं असतं.

ते हात ओढायला लागले. त्यांच्या खाली माझे हात होते, म्हणून मीही ओढलं.

जाळं कडेवरून होडीत पडलं. नाक एकदम उचललं गेलं आणि होडी डुलली. माझ्या हातांवर फक्त पाणी होतं. वळून पाहिलं तर रूपावहिनी मागच्या फळीवर होत्या, पाच हात लांब, दोन्ही हातांत वल्हं घट्ट धरून. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कुणी दोन वर्षांनी भेटून लगेच निघून गेल्यावर माणसाचा चेहरा होतो, तसा होता. 

मी तोंड पाण्याकडं करून ओकलो.

७

पोलीस आले, पंचनामा झाला. काठावरच दादाला जाळलं. जाळण्यासारखं थोडंच होतं, पण लाकडं पूर्ण लावली. दहावं झालं, तेरावं झालं. वहिनींनी कुंकू स्वतःच्या हातानं पुसलं. बायका जवळ घेऊन रडल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी वहिनींना जवळ घेतलं. आता कुठं बसवायचं ते त्यांना कळलं होतं.

माझं गावात नाव झालं. गावातल्या जाणत्या गोदूमामानं तेराव्याच्या पंगतीत सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. "भाऊ असावा तर असा! दोन वरसं झाली तरी सोडला न्हाई. पाण्यातून वढून काढला." लोकांनी माना डोलावल्या. प्रतिक्षानं ताटावरून वर पाहिलं, अभिमानानं. मी वरण मागितलं.

चौदाव्या दिवशी रूपावहिनी गोरेगावला बापाकडं निघाल्या, भावजया असूनही, कायमच्या. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि एक बोचकं. होडीत त्या मधल्या फळीवर बसल्या. पुढची फळी मोकळी होती आणि मोकळीच होती, पट्ट्या बराबर होत्या. मी पूर्ण वेळ त्या फळीकडं बघत होतो. मला तिथं कुणीतरी हवं होतं, म्हणजे समोर वहिनी एकट्या नसत्या.

पलीकडं उतरल्यावर मी पेटी जीपच्या टपावर चढवली. ड्रायव्हर अजून दोन माणसांची वाट बघत होता. मी खिडकीपाशी उभा राहिलो. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि माझ्या तोंडून तेच निघालं जे गाव चौदा दिवस बोलत होतं.

"वहिनी, उशिरा का व्हईना, पण काढलं ना मी दादाला."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"तुमी न्हाई काढलं भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमी तर सोडून राह्यले व्हते. मी मागंच बसले व्हते. कोन वढत व्हतं ते मी पाह्यलं."

दोन माणसं आली आणि आत बसली. त्यांना जागा द्यायला वहिनी पलीकडं सरकल्या, आणि मला त्यांचा चेहरा दिसेनासा झाला.